धुऊन पुजलेली मोटरसायकल

मोटरसायकल आमच्या फाटकातून ढकलत आत आणली तेव्हा ती अजून ओली होती. हँडलला शेवंतीचा हार होता, टाकीवर हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती आणि दोन्ही आरशांना केळीची कोवळी पानं बांधली होती. पुढचं चाक वाकलं होतं, त्यामुळे ती चालवता येत नव्हती. पण इतकी स्वच्छ मी ती कधी पाहिली नव्हती.

ढकलणारे दोघेही बंगळुराच्या टोकाला असलेल्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातले कामगार होते. माझे वडील व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. सरकारी कारखान्यातून ते इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"कुणी धुतली ही?"

"आम्हीच की, आजोबा. कंपनीच्या स्टँडमध्ये. शांपू लावून."

"रक्त होतं का हिच्यावर?"

"होतं की. सीटवर, टाकीवर. सगळं काढलं."

"ओरखडे?"

"थोडे होते. पॉलिश मारलं."

वडिलांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. "कशाला पण?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला मोठा म्हणाला, "आज खंडेनवमी, आजोबा. सगळ्यांच्या गाड्या पुजल्या. अण्णांची तेवढी रक्ताची ठेवायची? वहिनी बघतील ना."

अण्णा म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. बेळगावच्या पलीकडच्या एका खेड्यातले. बोम्मसंद्र्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग करणाऱ्या कंपनीत डाय फिटर, म्हणजे पत्रा दाबायचे साचे जुळवणारे, होते आणि तिथल्या कामगार संघटनेचे अध्यक्षही. कामगार त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. ते दोघं मला अक्का म्हणत.

आदल्या दिवशी संध्याकाळी अण्णा कारखान्याजवळच्या सर्व्हिस रोडवर डोक्याला मार लागून पडलेले सापडले होते. खांद्याचं हाड मोडलं होतं आणि शुद्ध नव्हती. मागून येणाऱ्या कामगारांनी त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं आणि गाडी ढकलत कंपनीच्या स्टँडमध्ये ठेवली. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. ते पडले कसे, याबद्दल त्या दिवसापासून आजपर्यंत एकमत झालेलं नाही.

मी तेव्हा एका इंग्रजी दैनिकाच्या शहरपानावर काम करत होते. आमच्याकडे पद्धत होती की ज्या बातमीत आपल्या घरचं कुणी आहे ती दुसऱ्याकडे सोपवायची. मी सोपवली. त्यामुळे माझ्याकडे या प्रकरणाची बातमी नाही. जे पाहिलं ते आहे, आणि जे फक्त ऐकलं ते ऐकलं म्हणून सांगते.

हे ऐकलेलं. अण्णांच्या कारखान्यात वर्षभरापूर्वी दुसरी संघटना निघाली होती. तिच्यामागे त्या भागातला एक पुढारी होता, जो कारखान्यांना कंत्राटी माणसं पुरवायचा. व्यवस्थापनाशी बोलणी कोणत्या संघटनेने करायची यासाठी मतदान व्हायचं होतं. पलीकडच्या दुसऱ्या एका कारखान्यात अशाच मतदानाआधी एका पदाधिकाऱ्याला चहाच्या टपरीवर लोखंडी सळीने मारलं होतं. टपरी भरलेली होती, तरी पोलिसांना साक्षीदार कुणी सापडला नाही. ते प्रकरण तसंच राहिलं. पुढे गेटसभेत अण्णा बोलत असताना पुढाऱ्याच्या माणसांपैकी एकजण मागून मोठ्याने म्हणाला होता, "अण्णा, वय झालं. गावी जा, ऊस बघा." सभेतले काहीजण हसले. अण्णाही हसले. "ऊस भावाच्या नावावर आहे," ते म्हणाले, "मला इथंच राहावं लागणार."

दुसऱ्या संघटनेत जे गेले त्यांत एक तरुण फिटर होता. डायचं काम त्याला अण्णांनी शिकवलं होतं. कामगार चेष्टेने त्याला अण्णांचा चेला म्हणत, आणि मीही त्याला चेलाच म्हणेन. हुबळीकडचा. घरी कन्नड, पण वहिनींशी मोडक्या मराठीत बोलायचा. रविवारी जेवायला यायचा, तेव्हा जिन्यावर त्याचा आवाज ऐकू यायचा: "वहिनी, भाकरी स्वल्प मोठी करा!" मग एकाएकी तो यायचा थांबला. आम्हाला वाटलं, लग्नबिग्न ठरलं असेल.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या भाषेत आयुधपूजेला, बंगळुरात यंत्रं आणि वाहनं पुजतात. कारखाने त्या दिवशी बंद असतात, म्हणून तिथली पूजा आदल्या दिवशीच होते. पूजेनंतर कोहळा कापून आत कुंकू भरतात, ओवाळतात आणि रस्त्यावर आपटून फोडतात. बोम्मसंद्र्यात कारखान्याला लागून कारखाना आहे. संध्याकाळपर्यंत तिथल्या रस्त्यांवर लाल झालेल्या कोहळ्याचा चिखल होतो, आणि त्यावरून घसरून दुचाकीवाले दर वर्षी पडतात. आमच्या पानावर दर वर्षी त्याची चार ओळींची सूचना जायची. त्या वर्षीही गेली होती.

अण्णा त्या चिखलात सापडले होते.

इन्स्पेक्टर दुपारी आला. त्याच्या जीपलाही हार होता आणि बॉनेटवर कुंकू. तो कन्नडमध्ये बोलत होता, त्याचं बोलणं मी मराठीत देते. मोटरसायकलभोवती तो एक फेरी फिरला, वाकून बघितलं, आणि चाकाखाली चिरडायला ठेवलेलं लिंबू बुटाने बाजूला केलं.

"ह्यावरून मी काय शोधू, अम्मा? शेवंती कुठल्या बाजारातली ते?"

"त्यांना कळलं नाही," मी म्हणाले.

"त्यांना काय बोलू? आज सकाळी मी स्वतः स्टेशनच्या सगळ्या गाड्या धुऊन घेतल्या. बंदुकासुद्धा पुजल्या." मग तो वडिलांकडे वळला. "तुम्ही इंजिनियर ना? चाक बघून काय वाटतं?"

"पुढून जोरात आपटलंय," वडील म्हणाले. "दुभाजकावर. पण दुभाजकापर्यंत घसरून गेली की कुणी ढकलली, ते चाक सांगत नाही. बाजूचे ओरखडे सांगू शकले असते. दुसऱ्या गाडीचा रंग लागला असता."

"ते पॉलिश झालं."

"झालं."



त्यानंतर जे पुढे आलं त्याने काही स्पष्ट झालं नाही. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात अण्णा जाताना दिसले. त्यांच्या मागे एक मोटरसायकल होती, तिच्यावर हेल्मेट घातलेले दोघे. त्यांच्या मागे टेम्पो आणि मग पूजा आटोपून निघालेल्या गाड्यांची रांगच. ते पडले ती जागा कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर होती. मागच्या मोटरसायकलचा नंबर निघाला. ती चेल्याची होती. पोलिसांनी त्याला आणि त्याच्यामागे बसलेल्याला बोलावलं. चेला म्हणाला, मी रोज त्याच रस्त्याने घरी जातो. मी पुढे निघून गेलो, अण्णा मागे राहिले असतील, मला पडलेले दिसले नाहीत. गाडी दाखव म्हटल्यावर त्याने दाखवली. तीही धुऊन, पुजून, केळीची पानं बांधून उभी होती.

"सध्या अख्ख्या शहरात न धुतलेली गाडी आणून दाखवा," इन्स्पेक्टर मला फोनवर म्हणाला, "मी तिचीच पूजा करतो."

अण्णा शुद्धीवर आले तेव्हा त्यांना पूजा आठवत होती. प्रसादाच्या कडलेपुरीची, म्हणजे चुरमुरे-फुटाण्यांची, पिशवी हँडलला अडकवली होती तेही आठवत होतं. त्यानंतर थेट हॉस्पिटलचं छत. मधलं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं. मधलं येईल किंवा येणार नाही, किंवा तुकड्यातुकड्याने येईल. जखमांवरून मारलं की पडले हे सांगता येईल का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, दोन्हींनी अशाच जखमा होतात.

मग भेटायला येणारे सुरू झाले. मी कामावर जाण्याआधी वहिनींना सोबत म्हणून बसत असे, त्यामुळे बरंच कानावर पडलं. प्रत्येकजण खुर्ची ओढून बसायचा आणि अण्णांना काय झालं ते अण्णांनाच सांगायचा. संघटनेचा सेक्रेटरी हातवारे करून सांगायचा: दोघे होते, जवळ गाडी घेतली, मागे बसलेल्याने लाथ मारली. दुसरा कुणी म्हणायचा, लाथ नाही, हँडल ओढलं. तिसऱ्याने शेजारच्या कंपनीच्या वॉचमनकडून ऐकलं होतं. वॉचमनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी फक्त आवाज ऐकला. अण्णा डोळे मिटून ऐकत. मध्येच म्हणत, "असेल." किंवा, "असं होय?"

एका सकाळी ते मला म्हणाले, "अक्का, लाथ आठवायला लागलीय."

"कुठल्या बाजूने?"

"डावीकडनं. बूट दिसला. काळा."

मी ते मनात टिपून ठेवलं. मग लक्षात आलं की सेक्रेटरी आदल्या दिवशी लाथ दाखवायला उठून उभा राहिला होता तो पलंगाच्या डाव्या बाजूला. त्याच्या पायात काळे बूट होते. पण कारखान्यात सगळ्यांनाच काळे सेफ्टी बूट असतात. त्यामुळे हेही कुठे पोचत नव्हतं. मी अण्णांना काही बोलले नाही.

घरी आणल्यावर जबाबाचा प्रश्न उभा राहिला. इन्स्पेक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की पुरावा नाही, आता सगळं जखमी माणसाच्या जबाबावर आहे. अण्णांनी हल्ला झाला असं सांगितलं आणि कुणाला ओळखलं असं सांगितलं, तर चेल्यावर आणि त्याच्या साथीदारावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागणार. आठवत नाही म्हटलं, तर घसरून पडले असं धरून फाइल बंद होणार. पुढारी दोन्हींत कुठेच नव्हता.

सेक्रेटरी रोज यायचा. "अण्णा, गेटवर पोरं वाट बघतायत. तुम्ही घसरलात म्हटलं तर मतदान गेलं. उद्या कोण उभा राहणार आपल्यासाठी?"

"मी कुठं म्हटलं घसरलो?"

"मग लाथ मारली म्हणा की."

"म्हणायला काय," अण्णा म्हणाले. "मारली का, ते सांग."

वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. एकदा दुपारी त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन स्टूल घेऊन बसल्या. मी चहा टाकला.

"अक्का, तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतात."

"काय सांगू?"

"पडलो म्हणून सांगितलं की ती माणसं काय समजतील? मारून बघितलं, काय झालं नाही. पुढच्या खेपेला नीट मारतील. मला गावाकडनं पांढरं कापड आणायचं नाही."

"आणि चेला?"

त्यांनी चहा घेतला नाही. पदराने हात पुसत राहिल्या, हात कोरडेच होते. "त्याला मी वाढलंय. तो असं करणार नाही असं वाटतं. मग वाटतं, तो येणं का थांबला? तोंड दाखवायला का आला नाही हॉस्पिटलात? जीव तुटतो बघा, आणि राग पण येतो. एकाच वेळी."

"पोलिसांनी त्याला बोलावलंय, वहिनी. तो कसा येईल हॉस्पिटलमध्ये?"

"ते पण खरं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "मग फोन तरी करायचा."

मी वडिलांना विचारलं, तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? ते म्हणाले, "जे माहीत आहे ते." मी म्हटलं, माहीत नसेल तर? ते म्हणाले, "मग प्रश्न चुकीचा विचारलाय." यावर ते समाधानी दिसले. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

जबाब वरच्या मजल्यावर, अण्णांच्या बाहेरच्या खोलीत झाला. वहिनींनी मला बसायला सांगितलं होतं. इन्स्पेक्टर, लिहून घेणारा एक कॉन्स्टेबल, अण्णा आरामखुर्चीत, उजवा हात गळ्यात बांधलेला. सेक्रेटरीला इन्स्पेक्टरने जिन्यावर थांबायला सांगितलं. तो जिन्यात उभा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, कारण दार उघडं होतं.

अण्णांनी कन्नडमध्ये सांगायला सुरुवात केली. दुसरी संघटना, गेटसभा, ऊस बघा म्हणणारा माणूस. त्या माणसाचं नाव आणि तो कुणाकडे काम करतो तेही त्यांनी सांगितलं. कॉन्स्टेबलने पेन थांबवून इन्स्पेक्टरकडे पाहिलं. "बरी," इन्स्पेक्टर म्हणाला, म्हणजे लिही. मग पूजा, कोहळा, कडलेपुरीची पिशवी.

"आमेले?" इन्स्पेक्टरने विचारलं. पुढे?

रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

"माझ्या डोक्यात एक लाथ आहे," ते म्हणाले. "डावीकडनं. काळा बूट आहे. पण ती लाथ मला लागलेली आहे की लोकांनी सांगून सांगून आत बसलेली आहे, ते मला कळत नाही. असंच लिहून घ्या."

"असं लिहिता येत नाही."

"का?"

"कोर्टात काय वाचतील? आठवतं लिहीन नाहीतर आठवत नाही लिहीन. मधलं काही नसतं, अण्णा."

"माझ्याकडं मधलंच आहे."

जिन्यातून सेक्रेटरी मराठीत म्हणाला, "अण्णा, बूट दिसला म्हणा, बास." इन्स्पेक्टरने न वळता हात वर केला. सेक्रेटरी गप्प झाला.

"बूट घालणाऱ्याचं तोंड दिसलं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

अण्णांनी डोळे मिटले. मला वाटतं ते खरोखर बघत होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्याही त्यांच्याकडे बघत होत्या.

"तोंड मी पाहिजे तर आणू शकतो," अण्णा म्हणाले. "डोळे मिटले की येतं. कधी त्याचं येतं, कधी दुसऱ्याचं. एकदा ह्याचं आलं." त्यांनी जिन्याकडे मान केली. "आठवत नाही, असं लिहा. आणि खाली लिहा, की आठवत नाही म्हणजे झालं नाही असं नाही. धमकी दिली होती. त्याचा तपास करा."

"खालचं लिहितो," इन्स्पेक्टर म्हणाला. "त्याने काय होईल ते मला माहीत नाही."

वहिनी आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, एकावर एक ठेवल्याचा, गरजेपेक्षा जास्त जोरात. अण्णांनी डाव्या हाताने सही केली. सेक्रेटरी आत न येता उतरून गेला.

पुढचं थोडक्यात. ऊस बघा म्हणणाऱ्या माणसाला एकदा बोलावलं. तो म्हणाला, मी अण्णांच्या तब्येतीच्या काळजीने बोललो. प्रकरण बंद झालं. मतदान अण्णांच्या संघटनेने थोडक्यात जिंकलं. सेक्रेटरी म्हणाला, हल्ला म्हटलं असतं तर मोठ्या फरकाने जिंकलो असतो. विरुद्ध बाजूचे म्हणाले, अण्णा खरं बोलले म्हणून आपली मतं फुटली. दोघांपैकी कोण बरोबर, हे मला ठरवता आलं नाही.

हाड जुळल्यावर अण्णा पुन्हा कामावर जायला लागले. वहिनींनी मोटरसायकल विकायला लावली. तोवर बोम्मसंद्र्यापर्यंत मेट्रो सुरू झाली होती, ते मेट्रोने जायला लागले. एकदा संध्याकाळी परत आल्यावर ते व्हरांड्यात आमच्याजवळ टेकले.

"आज तो भेटला," ते म्हणाले. चेल्याबद्दल बोलत होते. "मेट्रोत. माझ्याच डब्यात चढला."

"काय म्हणाला?" वडिलांनी विचारलं.

"काय नाही. खांबाला धरून उभा राहिला. उतरलो तर मागनं यायला लागला. मी थांबलो, तो पण थांबला. मी म्हटलं, पुढं हो. तो म्हणाला, अण्णा, तुम्ही व्हा पुढं. गेटपर्यंत मागनं आला. मग आपल्या खात्यात गेला."

"म्हणजे काय करत होता?" मी विचारलं.

"तेच तर. सोबत येत होता की पाळतीवर होता? अक्का, जबाबात मी त्याचं नाव घेतलं नाही. आता तो मागनं चालतो आणि मला मान वळवून बघायला पण येत नाही. बघितलं तर भितो म्हणतील. नाही बघितलं तर..."

वहिनी जिन्याच्या तळाशी येऊन उभ्या होत्या, आम्हाला कळलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा निघाले तेव्हा त्यांच्यामागे वहिनी चप्पल घालून निघाल्या. हातात पर्स, अंगावर बाहेरची साडी. अण्णा फाटकाशी थांबले. "कुठं?"

"गेटपर्यंत येते."

"लोक काय म्हणतील? अध्यक्षाला बायको सोडायला येते."

"म्हणू दे. तुम्ही चला."

"त्यानं काय केलं नसेल तर?"

"नसेल तर माझ्याशी बोलेल," वहिनी म्हणाल्या. "बोलला नाही तर मला कळेल."

दोघं गेले. त्या परत आल्या तेव्हा मी कामावर निघत होते. मी विचारलं, भेटला का? त्यांनी चप्पल काढली, पायरीवर बसल्या.

"होता," त्या म्हणाल्या. "मला बघितलं आणि पुढच्या डब्यात गेला."

त्या फाटकाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लाजला असेल, नाही का, अक्का? की घाबरला?"

"मला माहीत नाही, वहिनी," मी म्हणाले. त्या उठल्या, "उद्या पण जाते," म्हणाल्या, आणि जिना चढायला लागल्या.